'चार्ज' कुणावर, कशाचा? इंग्रजी लिहिताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत 'चार्ज' म्हणजे भट्टीत टाकायचा माल, कोर्टात तोच शब्द आरोप, बँकेत बोजा आणि मोबाईलच्या दुकानात वीज. मूळ लॅटिन शब्द 'कारुस', म्हणजे गाडा. गाड्यावर ओझं लादणं या अर्थाने तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला. 'कार्गो' आणि 'कॅरी' ही त्याचीच भावंडं. म्हणून अर्थ अडला की एवढंच विचारा: ओझं कशाचं आणि कुणावर? आपल्या कार्यभार, अधिभार, बोजा या शब्दांतही तीच कल्पना आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक बातमीत आणि अर्जात होते. पोलिसांत गुन्हा दाखल झाला की लगेच 'ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट' असं लिहिलं जातं. एफआयआर ही तपासाची सुरुवात असते. तपास संपल्यावर पोलीस आरोपपत्र देतात (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 193, जुन्या संहितेत 173) आणि त्यानंतर आरोप निश्चित करायचे की नाही, हे कोर्ट ठरवतं. पहिल्या दिवशी 'अ केस वॉज रजिस्टर्ड अगेन्स्ट हिम' एवढंच लिहा. एका शब्दाने माणसावर नसलेलं ओझं चढतं. 'डिस्चार्ज'चंही तसंच. आरोप निश्चित होण्याआधीच सुटका झाली तर 'डिस्चार्ज', खटला चालून निर्दोष ठरला तर 'अक्विटल'. दोन्हींना 'निर्दोष मुक्तता' म्हणू नका.

शब्दयोगीही सांभाळा. आरोपासाठी 'चार्ज्ड विथ', पैशांसाठी 'चार्ज्ड फॉर': 'दे चार्ज्ड मी ट्वेंटी रुपीज फॉर टू टीज'. 'ऑफ' लागतो तो 'अक्यूज्ड'ला. फुकट म्हणायचं तर 'फ्री ऑफ चार्ज', इथे अनेकवचन नको.

एका 'द'ने अर्थ उलटा होतो. शिक्षिका प्रयोगशाळा सांभाळत असेल तर 'शी इज इन चार्ज ऑफ द लॅब'. 'द लॅब इज इन द चार्ज ऑफ द टीचर' म्हणजे प्रयोगशाळा तिच्या ताब्यात. अर्जात 'आय अ‍ॅम इन द चार्ज ऑफ द लॅब' लिहिलं, तर तुम्हीच प्रयोगशाळेच्या स्वाधीन होता! सीमाभागातल्या मुलांचा इथे आणखी एक गोंधळ होतो. मराठी विज्ञानात 'प्रभार' म्हणजे विजेचा चार्ज, पण कन्नड फलकावर 'प्रभार' म्हणजे तात्पुरता कार्यभार. विजेच्या चार्जला कन्नड पुस्तकात 'विद्युदावेश' म्हणतात.

'माय चार्जिंग इज फिनिश्ड' हे आपल्या 'चार्जिंग संपलं'चं शब्दशः रूप. 'चार्जिंग' ही क्रिया आहे. 'माय फोन इज आउट ऑफ चार्ज' म्हणा. 'रिचार्ज' म्हणजे पैसे भरणं, हा आपल्याकडचा वापर. परदेशी माणसाला त्यातून बॅटरीच आठवेल.

फाउंड्रीतली चूक मात्र जिवावर बेतू शकते. 'डू नॉट चार्ज वेट स्क्रॅप' या फलकाचं मराठी करताना 'चार्ज' तसाच ठेवला, तर नवा कामगार विजेचा विचार करतो. सरळ लिहा: 'ओलं भंगार भट्टीत टाकू नये.' वितळलेल्या धातूखाली पाणी अडकलं की त्याची क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे 1,700 पट वाढतं, आणि धातू बाहेर उसळतो. बंद तोंडाच्या नळ्या आणि डबे यांतही पाणी लपलेलं असतं, म्हणून ते आधी कापून उघडा. पावसाळ्यात भंगार छपराखाली ठेवा.

शेवटी जमिनीच्या उताऱ्यावरचा चार्ज. हा कर्जाचा बोजा, आरोप नव्हे. गहाणात जमिनीतला काही हक्क सावकाराकडे जातो, चार्जमध्ये तो जात नाही, जमीन फक्त तारण राहते. कर्ज फिटलं तरी उताऱ्यावरची नोंद आपोआप जाईल असं धरून चालू नका. बँकेचं कर्जफेडीचं पत्र जोडा, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर लिहा, विषयात 'रिमूव्हल ऑफ चार्ज' घाला. नंतर नवा उतारा काढून नोंद गेल्याची खात्री करा.