दत्तक गेलेल्या मोठ्या माणसांची बैठक कशी बसवावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात दत्तक ही नवलाची गोष्ट नाही. कुठे पुतण्याला मांडीवर घेतलेले असते, कुठे बहिणीची धाकटी मुलगी ओटीत घातलेली असते, कुठे कोल्हापूर किंवा पुण्याकडच्या संस्थेतून तान्हे मूल आणलेले असते. तरीही अशी दोन माणसे एकाच गल्लीत तीस वर्षे राहतात आणि एकमेकांशी या विषयावर अवाक्षर बोलत नाहीत. मी स्वतः संस्थेतून आलेला आहे आणि गेली काही वर्षे अशा प्रौढ दत्तकांच्या बैठका बेळगावात बसवतो आहे. या काळात मला जे सल्ले मिळाले त्यांपैकी बहुतेक ‘एक मेळावा घ्या, पाहुणे बोलवा, फ्लेक्स लावा’ अशा जातीचे होते. त्या वाटेने कोणी जाऊ नये म्हणून हे लिहितो.

जागा, सतरंज्या, चहा आणि पाण्याची सोय ज्याला करता येत नाही त्याने बैठकीच्या भानगडीत पडू नये, म्हणून त्यावर शब्द खर्च करत नाही. जागेबद्दल एवढेच सांगतो की ती बेळगाव शहरात असावी, कोणाच्या घरी नसावी आणि मंगल कार्यालयात तर मुळीच नसावी. निपाणीचा माणूस निपाणीतल्या बैठकीला येत नाही, कारण तिथे त्याला दारात चप्पल काढताना पाहणारे चार जण असतात. बेळगावला मात्र प्रत्येकालाच काही ना काही काम असते. दवाखाना, कोर्ट, खडेबाजारातली कापडखरेदी यांपैकी कोणतेही कारण घरी सांगता येते आणि पुढे कोणी विचारत नाही. दिवस रविवार, वेळ सकाळी अकरा ते दीड, म्हणजे अथणीचा माणूसही उजेडात घरी पोहोचतो. लग्नसराईतले रविवार आणि गणपतीचे दिवस सोडावेत. १ नोव्हेंबरच्या आसपासचाही रविवार सोडावा, कारण त्या सुमारास एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे काळा दिन असतो आणि गावाबाहेरून येणाऱ्याच्या गाडीची खात्री देता येत नाही. फलक लावू नये. त्यामुळे गुप्तता राहतेच, शिवाय त्यावर कन्नड किती आणि मराठी किती हा आपल्याकडचा सनातन वादही वाचतो.

आता अवघड पायरी, म्हणजे बोलावणे. यात मी दोनदा सपाटून चुकलो आहे आणि दोन्ही वेळा त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

पहिल्या वर्षी मी उत्साहाच्या भरात चौदा जणांचे नंबर गोळा केले आणि ‘दत्तक परिवार, बेळगाव’ अशा नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. त्यातल्या एका ताईंच्या सासरी त्या दत्तक असल्याचे कोणालाही माहीत नव्हते. सकाळी चहाच्या वेळी त्यांचा फोन टेबलावर पडलेला होता, पडद्यावर ग्रुपचे नाव उमटले आणि ते सासऱ्यांनी मोठ्याने वाचले. पुढच्या आठवड्यात त्यांचा मला फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या, हेच मला जड गेले. ‘दादा, तुम्ही खोटं काही सांगितलं नाही,’ त्या म्हणाल्या, ‘फक्त मी सांगायच्या आधी सांगितलंत.’

दुसरी चूक याहून वाईट होती. ओळखीच्या एका काकूंनी मला मोठ्या आपुलकीने सांगितले की अमुक गावातला हार्डवेअर दुकानदारही दत्तकच आहे, त्यालाही सामील करून घ्या. मी दुकानात गेलो, अर्धा किलो खिळे मागितले आणि गिऱ्हाईक नाही असे पाहून हळू आवाजात बैठकीचा विषय काढला. त्याचा हात तागडीवर थांबला. मग त्याने खिळ्यांची आणखी एक मूठ पारड्यात टाकली, काटा पार खाली गेला, तरी तो टाकतच राहिला. पस्तिशीच्या त्या माणसाला आपण दत्तक आहोत हे माहीतच नव्हते. त्याने ते माझ्याकडून, खिळे घ्यायला आलेल्या अनोळखी माणसाकडून ऐकले.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो आणि जो तो पाळणार नाही त्याला मी बैठकीच्या कामात घेत नाही. आपण होऊन कोणालाही बोलावायचे नाही. तिसऱ्या माणसाने दिलेले नाव, मग तो सख्खा भाऊ असो की फॅमिली डॉक्टर, कागदावर उतरवूनसुद्धा घ्यायचे नाही. आपण दत्तक आहोत ही बातमी ज्याची त्याची असते आणि ती कोणाला, कधी, किती सांगायची हे त्यानेच ठरवायचे असते. आपण फक्त कुठे बसतो ते कळेल अशी व्यवस्था करायची आणि वाट पाहायची. वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत आणि वाचनालयाच्या सूचना फलकावर एवढा मजकूर पुरतो: ‘लहानपणी दत्तक गेलेल्या, वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्री-पुरुषांची अनौपचारिक बैठक. नाव सांगण्याची सक्ती नाही. ठिकाण फोनवर कळवले जाईल.’ खाली एकच नंबर, आणि तो अशा माणसाचा की ज्याचा फोन घरातले दुसरे कोणी उचलत नाही.

फोन आला की आधी तीन गोष्टी विचाराव्यात आणि मगच पुढे बोलावे. घरी कोणाकोणाला माहीत आहे? उलट फोन करायचा झाल्यास कोणत्या वेळी करायचा? आणि तुमचे नाव आमच्याकडे काय म्हणून ठेवू? एका काकांना मी ‘बियाणे’ म्हणून ठेवले आहे आणि त्यांच्या फोनमध्ये मी ‘ट्रॅक्टरवाले’ आहे. ग्रुप काढायचाच असेल तर त्याचे नाव ‘रविवार’ असावे, त्यात तारखेपलीकडे काही लिहू नये आणि ज्याने विचारल्यावर स्वतः संमती दिली आहे त्यालाच घ्यावे. ही खबरदारी अतिरेकी आहे असे मला अनेकदा ऐकवले जाते. ऐकवणाऱ्यांत दत्तक गेलेला माणूस आजवर एकही निघाला नाही.

एवढी लपवालपवी का, असा प्रश्न नव्या पिढीला पडतो, तो रास्तच आहे. आपल्या मुलखाचा इतिहास तर उघड दत्तकांचा आहे. निपाणीला लागून असलेल्या कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि राजर्षी शाहू झाला. १८२४ साली कित्तूरचा दत्तक वारस कंपनी सरकारने मान्य केला नाही आणि राणी चन्नम्मा लढायला उभी राहिली. बेळगावात तिच्या नावाचा चौक पोराटोरांना ठाऊक आहे. ज्याच्यासाठी ती लढली त्या शिवलिंगप्पाचे नाव मात्र चौकात उभ्या असलेल्या दहा जणांना विचारून पाहावे. गादीच्या दत्तकाला साक्षीदार लागत, म्हणून तो वाजतगाजत होई. साध्या घरातल्या दत्तकामागे कोणाच्या तरी कुशीला मूल न राहिल्याचे किंवा कोणाला तरी लग्नाआधी मूल झाल्याचे दुःख असते आणि ते झाकण्यासाठी मुलाचा जन्मच झाकला जातो. हे ओळखून बोलावणे केले तर बाकीच्या पायऱ्या सोप्या आहेत.

बैठकीत गोल करून बसावे, आधी चहा आणि कुंदा द्यावा, मग बोलणे. अध्यक्ष नको, पाहुणा नको, शाल-श्रीफळ नको. दत्तक घेणाऱ्या आईवडिलांना निदान पहिले वर्षभर बोलावू नये. ते प्रेमळच असतात, पण ते बसले की मुले कृतज्ञतेचे भाषण करतात. ‘खरे आईवडील’ हा शब्दप्रयोग बैठकीत बंद ठेवावा. जन्म देणारे ते जन्मदाते आणि वाढवणारे ते आईवडील, एवढे सुरुवातीला एकदा सांगितले की पुरते. ‘नशीब काढलंस’ आणि ‘पोसलेला’ हे दोन शब्दही बाहेर चपलांजवळ ठेवावेत. कन्नड बोलणारे मित्र येतात तेव्हा त्यांच्याकडचा ‘साकुमग’ (पोसलेला मुलगा) हा शब्दही त्याच रांगेत लागतो.

एका भांडणाची तयारी मात्र ठेवावी, कारण ते दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत होतेच. संस्थेतून आलेला माणूस भावकीतून दत्तक गेलेल्याला म्हणतो की तुला निदान माहीत तरी आहे. त्यावर भावकीतला जो उत्तर देतो ते मी प्रथम ऐकले तेव्हा माझी बोलती बंद झाली होती. खानापूरकडच्या एका गृहस्थांची जन्मदाती त्याच वाड्यात राहायची आणि ते तिला आयुष्यभर ‘काकू’ म्हणत आले. तिच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा सगळ्यांची नजर त्यांच्याकडे वळली आणि त्यांना पुतण्याच्या रांगेत उभे राहून मनातल्या मनात बोलावे लागले. कोणाचे दुःख मोठे याचा निवाडा चालकाने करू नये. दोघांना शेजारी बसवावे आणि पुढचे चहावर सोडावे.

कागदांसाठी दर दोन-तीन बैठकांनी वेगळा तास ठेवावा. आपल्याकडच्या मराठी माध्यमातल्या अनेकांना कन्नड बोलता येते पण दस्त वाचता येत नाही, म्हणून गटात कन्नड नीट वाचणारा एक जण हवाच. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ खाली घरातल्या घरात झालेल्या दत्तकाला नोंदणी सक्तीची नाही, पण देणारा आणि घेणारा दोघांच्या सह्यांचे दत्तकपत्र नोंदवलेले असेल तर दत्तक कायद्याप्रमाणे झाले असे न्यायालय गृहीत धरते. उलट सिद्ध करण्याचा भार मग आक्षेप घेणाऱ्यावर पडतो. असे पत्र उपनिबंधक कार्यालयात नोंदले असेल तर त्याची प्रमाणित नक्कल प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावी, शेतीच्या वाटणीत ती लागते. दत्तक मूल १५ वर्षांच्या आतले असावे असे तो कायदा सांगतो, पण रूढी असेल तर सूट देतो. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि मुंबईकडे लग्न झालेल्या पुरुषालाही दत्तक घेण्याची जुनी रूढी होती, म्हणून मिशा फुटल्यावर दत्तक गेलेला एखादा आजोबा बैठकीत आला तर हसू नये. ख्रिस्ती आणि मुसलमान मित्रांना मात्र जुना कागद नीट पाहायला सांगावे. त्यांच्या घरात पूर्वी बहुधा १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली नुसते पालकत्व मिळत असे, आणि पालकत्व म्हणजे दत्तक नव्हे. तसे निघाल्यास मृत्युपत्राचा प्रश्न वकिलाकडे वेळेत न्यावा.

जन्मदात्यांचा शोध हा विषय निघणारच. २०२२ च्या दत्तक नियमावलीप्रमाणे १८ वर्षांवरील दत्तकाला मुळांचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. तो अर्ज आपल्याला दत्तक देणारी संस्था, राज्याची दत्तक यंत्रणा किंवा केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण यांच्याकडे जातो. दुसऱ्याने आपल्या वतीने शोध घेणे त्या नियमांत बसत नाही आणि जन्मदातीच्या खासगीपणाला धक्का लावता येत नाही. म्हणून गटाने कोणासाठीही हेरगिरी करू नये. अर्ज लिहायला मदत करावी, उत्तर आले की सोबत बसावे. ‘नकार’ असे उत्तर येते तेव्हा तो माणूस त्या दिवशी एकटा घरी जाता कामा नये. रात्री-अपरात्री कोणी फारच खचले तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या नंबरवर मिळते, तो नंबर पहिल्याच दिवशी सर्वांना लिहून द्यावा.

गट वाढला की कोणीतरी संस्था नोंदवू या म्हणतो. मी विरोध करतो. नोंदणी म्हटली की सभासदांची नावे, पत्ते आणि सह्या आल्या, आणि ज्या वहीत आपली नावे एका खाली एक लिहिलेली आहेत ती वही कोणाच्या कपाटात ठेवायची याचे उत्तर आजवर मला कोणी दिलेले नाही. प्रत्येकी पन्नास रुपये काढावेत, जाहिरात आणि कुंदा त्यात भागतो.

उठण्यापूर्वी पुढची तारीख ठरवावी. फोनवर ठरवू म्हटले की ती ठरत नाही. बाहेर पडताना एकदम घोळक्याने न निघता दोघे-तिघे करून निघावे, आणि चालकाने शेवटी निघावे, कारण ज्याला काही बोलायचे होते पण बोलता आले नाही तो बहुधा सतरंजी घडी करायला मागे थांबतो.