कवटीत बोन सिमेंट बसवलंय? टाळूच्या कातडीवर नजर ठेवा

कवटीचं हाड काढावं लागलं की ती जागा बऱ्याचदा पीएमएमए या ॲक्रेलिक सिमेंटने बुजवतात. साधारण ४० ग्रॅम पावडर आणि २० मिली द्रव एकत्र मळला की तो गोळा काही मिनिटांत तापून घट्ट होतो. तो ऑपरेशन चालू असताना कवटीतच बसवून घट्ट होऊ देणार असतील तर मेंदूच्या आवरणाला चटका बसू नये म्हणून वरून सलाइनची धार धरतात.

हे सिमेंट विरघळत नाही, झिजत नाही, पण हाडाशी एकजीवही होत नाही. त्यात रक्त फिरत नाही. त्यामुळे जंतू एकदा चिकटले की चिवट थर धरतात आणि नुसत्या औषधाने सहसा हटत नाहीत. असा संसर्ग कित्येक वर्षांनीही होऊ शकतो. त्याला अडवते ती वरची कातडी, म्हणून तिला जपायचं.

महिन्यातून एकदा केस धुऊन वाळवा. घरच्या कुणालातरी मोबाइलचा टॉर्च धरून, टाक्यांच्या रेषेवर कंगव्याने थोडा थोडा भांग पाडत बघायला सांगा. मोहरीएवढी खपली, ती निघाल्यावर खाली ओला ठिपका आणि काही दिवसांनी त्याच जागी पुन्हा खपली, हे दिसलं तर कोंडा समजून सोडू नका. चकाकणारी पातळ कातडी, बोटाला लागणारं, सिमेंट धरून ठेवणाऱ्या स्क्रूचं डोकं, लाली किंवा फुगवटा यांचंही तेच. दर वेळी त्याच कोनातून फोटो काढा. रेडिएशन घेतलं असेल, अनेकदा ऑपरेशन झालं असेल किंवा कपाळाच्या हाडातला सायनस (हवेची पोकळी) उघडला गेला असेल, तर धोका जास्त असतो.

असं काही दिसलं तर गळू समजून गल्लीतल्या दवाखान्यात चीर देऊन घेऊ नका. मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिकही आणू नका, त्याने कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, जंतू सापडेनासा होतो. डिस्चार्ज कार्ड घेऊन थेट न्यूरोसर्जरीच्या ओपीडीत जा. ताप, झटका (फिट), गुंगी किंवा पू असेल तर लगेच इमर्जन्सी गाठा. संसर्ग पक्का झाला तर बहुतेकदा सिमेंट काढावं लागतं आणि काही महिन्यांनी जागा पुन्हा भरतात. मधल्या काळात डोक्याला मार लागू देऊ नका.

कानशिलावर खळगा पडला तर सिमेंट सरकलं असं वाटतं. बहुतेकदा तिथला स्नायू आकसलेला असतो, तरी एकदा दाखवून घ्या. सिमेंट ठिसूळ असतं, जोरात आपटलं तर तडकतं. लोकलच्या दारात लटकू नका, सलूनमध्ये चंपी आणि वस्तरा दोन्हींना नाही म्हणा.

एमआरआयच्या आधी सेंटरवाल्यांना इम्प्लांटचं सांगा. पीएमएमए चुंबकाला ओढलं जात नाही, पण प्लेट-स्क्रू कोणते ते त्यांना लागतं. ऑपरेशन नोटची प्रत आणि सीटी स्कॅनची सीडी मागून घ्या. नुसत्या फिल्मवर विसंबू नका, पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत फिल्म एकमेकींना चिकटतात.