टायरची हवा हळूहळू उतरते आहे? कारण शोधताना या चुका टाळा

चारपैकी एकाच चाकाची हवा दर आठ-दहा दिवसांनी पाच-सहा पीएसआयने (पीएसआय हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) उतरत असेल, तर बहुतेक जण पेट्रोल पंपावर ती पुन्हा भरून घेतात आणि विषय तिथेच सोडून देतात. अशी गळती महिनोन्‌महिने सापडत नाही, याचे मुख्य कारण माझ्या मते हेच आहे. हवा भरण्याआधी ती किती उरली होती हे पाहिले नाही, तर कोणते चाक किती दिवसांत किती उतरले ही माहिती प्रत्येक वेळी पुसली जाते आणि शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

म्हणून आधी मोजावे आणि मगच भरावे. स्वतःचा एक गेज, म्हणजे दाब मोजण्याचे उपकरण, गाडीत ठेवावा, कारण दोन पंपांवरची यंत्रे दोन वेगळे आकडे दाखवू शकतात. सकाळी गाडी हलवण्यापूर्वी, टायर थंड असताना, चारही चाकांचे आकडे लिहून ठेवावेत. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर दिलेला दाब हा थंड टायरचाच असतो. बराच वेळ चालून तापलेल्या टायरचा दाब चार-पाच पीएसआयने वाढलेला असू शकतो. तेव्हा मोजून ‘हवा जास्त झाली’ म्हणून ती सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टायरचा दाब कमी दिसेल आणि नसलेली गळती शोधत बसावे लागेल.

हवामानाचाही हिशेब ठेवावा लागतो. तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले, तर ३३ पीएसआय भरलेल्या टायरचा दाब साधारण दीड पीएसआयने कमी होतो. नागपुरात ऑक्टोबरच्या दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे तीन पीएसआयने कमी दिसली आणि चारही चाकांत घट सारखीच असली, तर त्यात काळजीचे काही नाही. निर्दोष टायरच्या रबरातूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा झिरपतच असते. उलट मुंबईहून सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरला गेल्यावर बाहेरचा दाब घटल्यामुळे गेज सुमारे दोन पीएसआय जास्त दाखवतो, आणि तिथली थंडी त्यातला काही भाग पुन्हा कमी करते. थोडक्यात, एकच चाक इतर तिघांपेक्षा वेगाने उतरत असेल, तरच गळतीचा संशय घ्यावा.

थेट पंक्चर शोधू नका

हवा उतरली म्हणजे खिळा घुसला असणार, असे गृहीत धरणे ही दुसरी चूक. शोध वॉल्व्हपासून सुरू करावा, कारण ती तपासणी पाच मिनिटांत आणि चाक न काढता होते. टोपण काढून वॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचे दोन थेंब टाकावेत आणि मिनिटभर पाहावे. बुडबुडा फुगू लागला, तर आतील पिन सैल झालेली असते किंवा तिच्यात धूळ अडकलेली असते. ही पिन काही रुपयांत बदलून मिळते. टोपण नसलेल्या वॉल्व्हमध्ये ती लवकर खराब होते.

पिन ठीक असली, तरी वॉल्व्ह निर्दोष ठरत नाही. रबरी वॉल्व्ह जिथे रिममधून बाहेर येतो, त्या बुडाशी साबणाचे पाणी सोडावे आणि अंगठ्याने वॉल्व्ह चारही दिशांना हलकेच वाकवून पाहावा. जुन्या रबराची चीर सरळ स्थितीत मिटलेली असते आणि वाकवल्यावरच उघडते, त्यामुळे नुसते पाणी शिंपडून ती कळत नाही. धावत्या चाकात वॉल्व्ह बाहेरच्या बाजूला ओढला जातो. म्हणूनच उभ्या गाडीत टिकणारी हवा प्रवासात उतरते. नवा टायर बसवताना वॉल्व्हही नवाच घ्यावा. टायरच्या किमतीपुढे त्याची किंमत नगण्य असते, तरीही नेमका तोच जुना ठेवला जातो.

खिळा दिसला, म्हणून शोध थांबवू नका

टायरची रस्त्याला टेकणारी पूर्ण पट्टी पाहायची, तर गाडी थोडी थोडी पुढे घ्यावी लागते, कारण जमिनीला टेकलेला भाग दिसतच नाही. खिळा किंवा स्क्रू सापडल्यास तो घरी उपटू नये. जागेवर खडूने खूण करून साबणाचे पाणी टाकावे. बुडबुडे आले नाहीत, तर तो बहुधा आरपार गेलेला नाही आणि गळती दुसरीकडे आहे. जुन्या पंक्चरच्या जागाही याच वेळी तपासाव्यात, कारण छिद्रात बाहेरून खोचलेली रबरी स्ट्रिप काही महिन्यांनी सैल होऊन बारीक हवा सोडू लागते. टायर उतरवून आतून लावलेला पॅच हीच खरी दुरुस्ती. ती टायरच्या पट्टीवरील लहान छिद्रापुरतीच करावी. बाजूच्या भिंतीवर किंवा खांद्याजवळ, म्हणजे पट्टी आणि भिंत जिथे मिळतात तिथे, छिद्र असेल, तर टायर बदलावा.

रिमची आतली बाजू सोडू नका

वॉल्व्ह आणि पट्टी दोन्ही ठीक असताना हवा उतरत राहिली, तर दोष बहुधा टायरची कड रिमवर बसते तिथे, म्हणजे बीडवर असतो. इथे सर्वाधिक वेळ आणि पैसा वाया जातो, कारण गाडीला लावलेल्या चाकाची फक्त बाहेरची कड दिसते. चाक काढून, आडवे ठेवून, टायर आणि रिम यांच्यातील खाचेत साबणाचे पाणी सगळीकडे फिरवावे आणि दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. मग चाक उलटून दुसरी बाजू तशीच तपासावी. खिळ्याच्या छिद्रातून टपोरे बुडबुडे लगेच येतात. बीडच्या गळतीत मात्र सुरुवातीला काहीच दिसत नाही; काही मिनिटांनी वीतभर लांबीत मोहरीएवढ्या बुडबुड्यांचा पांढरा फेस जमू लागतो. दुकानात चाक टाकीत बुडवून घाईने फिरवले जाते, तेव्हा हा फेस निसटतो. चाक पाण्यात स्थिर धरायला सांगावे, आधी चिकटलेले बुडबुडे हाताने पुसावेत आणि नवे कुठे येतात ते पाहावे.

लोखंडी डिस्कवर, म्हणजे लोखंडी रिमवर, या जागी गंज धरलेला असतो. अलॉयवर वरचा लेप फुगून त्याखाली पांढरी भुकटी तयार होते आणि किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत, म्हणजे रत्नागिरी, मालवण किंवा गोव्यात, हे लवकर घडते. टायर उतरवून ती कड तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत करणे आणि बीड सीलर लावून टायर पुन्हा बसवणे, हा त्यावरचा उपाय आहे. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक जोरात आदळले असेल, तर रिमच्या आतल्या कडेला पोचा किंवा केसासारखी तडही शोधावी. लोखंडी डिस्कचा किरकोळ पोचा सरळ करता येतो. तड गेलेले अलॉय वेल्डिंग करून वापरणे मला धोक्याचे वाटते.

याच टप्प्यावर अनेक दुकानांत ‘ट्यूब टाकून घ्या’ असा सल्ला मिळतो. तो कृपया मानू नये. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तरी हवा सावकाश उतरते आणि गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. ट्यूब फाटली, तर तो वेळ मिळत नाही. ट्यूब आणि टायर यांच्या घर्षणाने उष्णताही वाढते. समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर तासन्‌तास वेगाने चालणाऱ्या गाडीत ती जिवावर बेतू शकते. कारण न शोधता सीलंटचे द्रव ओतणेही टाळावे. ते वाटेत अडकल्यावर वेळ मारून नेण्यासाठी असते. त्याने टायरमधील दाबाचा सेन्सर बंद पडू शकतो आणि पुढची दुरुस्तीही किचकट होते. नायट्रोजन भरल्यानेही गळती थांबत नाही, कारण साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तो त्याच छिद्रातून निघून जातो.

टायर रिमवरून उतरवलाच आहे, तर आतून हात फिरवून पाहावा. आत काळी रबराची भुकटी सापडली किंवा बाजूच्या भिंतीवर गोलाकार घासल्याची पट्टी दिसली, तर तो टायर कमी हवेवर बराच चाललेला आहे आणि त्याची भिंत आतून कमजोर झालेली आहे. तो दुरुस्त करून घेऊ नये. टायर किती जुना आहे हे कळण्यासाठी त्याच्यावरील चार आकडेही वाचावेत: २३२१ म्हणजे २०२१ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर.

दुरुस्तीनंतर चाक गाडीला लावण्यापूर्वी वॉल्व्ह, पॅचची जागा आणि दोन्ही बीड यांवर पुन्हा साबणाचे पाणी फिरवून घ्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गेजने आकडा लिहावा, आठवड्यानंतर पुन्हा लिहावा आणि त्याच वेळी स्टेपनीचीही हवा मोजावी.