काडतुसं स्वतः भरताय? मग निदान या चुका टाळा

‘रिलोडिंग (काडतुसं घरीच भरणं) परवडतं का हो?’ असं विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. प्रेस कुठला घ्यायचा तेही ठरलेलं असतं, कुणीतरी मान डोलवायची तेवढी बाकी असते. मी डोलवत नाही. आधी विचारतो, कॅलिबर कुठलं आणि नेमबाजी किती? आणि त्याच्याही आधी, तुमच्या देशात याला परवानगी आहे का? बऱ्याच ठिकाणी परवान्याशिवाय प्राइमर (काडतुसाच्या बुडातली, ठिणगी पाडणारी टिकली) किंवा काडतुसात भरायची दारू नुसती घरात ठेवणं हाच गुन्हा असतो. तसं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

हिशेबच उलटा मांडणे

पुंगळी (बाहेरचं कवच), प्राइमर, दारू आणि गोळी मिळून काडतूस होतं. यातली पितळेची पुंगळी सहसा सगळ्यात महाग, आणि नेमकी तीच पुन्हा वापरता येते. म्हणजे बचत होणारच, असं नवखा धरून चालतो. मग तो दारूचं गणित मांडतो. एका पौंडाच्या डब्यात ७००० ग्रेन. ९ मिमी पिस्तुलाच्या काडतुसाला साधारण ४ ते ६ ग्रेन पुरते, म्हणजे एका डब्यात हजाराहून जास्त काडतुसं. .३०८ रायफलला ४० ग्रेनच्या वर लागते, तिथे त्याच डब्यात जेमतेम दीडशे-पावणेदोनशे. झालं, ९ मिमी म्हणजे फायदाच फायदा!

खरं तर अगदी उलट आहे. ९ मिमी कारखान्यांत एवढ्या प्रचंड प्रमाणावर बनतं की तयार काडतूसच स्वस्त पडतं. कारखाना गोळ्या आणि प्राइमर ज्या भावाने बनवतो त्या भावाने ते तुम्हाला कुणी देणार नाही. दारूवर वाचवलेलं गोळी आणि प्राइमरवर जातं. वर प्रेस, पुंगळीला आकार देणारी डाय, वजनकाटा, लांबी मोजायचा कॅलिपर, पुंगळ्या घासायचा टम्बलर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. खर्च वसूल होतो तो .४४ मॅग्नम, .४५ कोल्ट, .३३८ लापुआ असल्या महागड्या काडतुसांत, किंवा एखाद्या जुन्या रायफलीत, जिची काडतुसं दुकानात मिळेनाशी झालीत. आणि लांब पल्ल्याच्या अचूक नेमबाजीत, जिथे आपल्या नळीला मानवणारा लोड (दारू आणि गोळीचा नेमका मेळ) दुसरं कुणी बनवून देत नाही.

हिशेबात आणखी दोन खोटी असतात. एक म्हणजे जुन्या भावाचा माल. २०२० नंतर अमेरिकेत प्राइमर दुकानांतून गायब झाले आणि मिळाले तेव्हा भाव कुठच्या कुठे गेले होते. तरी कपाटातल्या जुन्या साठ्याच्या भावाने ‘मला एवढ्यालाच पडतं’ असं सांगणारे आजही भेटतात. तो साठा संपल्यावर जो भाव मोजावा लागेल, तोच खरा खर्च. दुसरं म्हणजे वेळ. साध्या सिंगल-स्टेज प्रेसवर, जो एका वेळी एकच काम करतो, तासाला पन्नासेक काडतुसं झाली तरी पुष्कळ. तो तास तुम्हाला आवडीचा वाटत असेल तर फुकट धरा. कंटाळवाणा वाटत असेल तर सरळ तयार काडतुसं घ्या. कंटाळलेल्या माणसाने दारू मोजू नये. शिवाय वाचलेले पैसे खिशात राहत नाहीत, तेवढ्याच खर्चात जास्त बार उडतात. मला त्याची तक्रार नाही, फक्त त्याला बचत म्हणू नका.

दारूच नाही, किंवा दुप्पट दारू

रेंजवर शेजारच्या जागेवर एक तरुण .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हर घेऊन उभा होता, स्वतः भरलेली काडतुसं. दोन बार नीट झाले. तिसऱ्याला ‘धाड्’ऐवजी ‘फट्’ झालं, हाताला धक्का नाही, कागदावर भोक नाही. पठ्ठ्या पुन्हा चाप ओढायच्या बेतात. मी आणि रेंजवरचा माणूस एकदमच ओरडलो. सिलिंडर रिकामं करून नळीत पितळी सळई घातली, ती अर्ध्यातच अडली. गोळी आत रुतून बसलेली. पुंगळीत दारू नव्हती, नुसत्या प्राइमरच्या जोरावर गोळी तिथवर गेली होती. पुढचा बार तिच्यावर जाऊन आदळला असता तर नळी फुगली तरी असती नाहीतर फुटली तरी. पिस्तूल अशा वेळी निदान अडतं, कारण स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे येत नाही. रिव्हॉल्व्हर मात्र आज्ञाधारकपणे पुढचं काडतूस समोर आणून ठेवतं.

खरी गंमत पुढे आहे. एकात दारू नाही, तर ती गेली कुठे? उरलेली सगळी काडतुसं हातोडी-पुलरने (आपटून गोळी बाहेर काढायचं हत्यार) उघडायला लावली. एकात दुप्पट दारू निघाली. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर, जो दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक काडतूस पुरं करतो, काम करताना मध्येच प्राइमर अडकला होता. याने पुंगळ्या धरणारी प्लेट हाताने मागेपुढे फिरवली, प्राइमर सोडवला आणि दांडा ओढत सुटला. एक पुंगळी दारूच्या नळकांड्याखालून कोरडी गेली, दुसरी दोनदा गेली. आणि हा त्याचा पहिलाच प्रेस! महिनाभर सिंगल-स्टेजवर काढायचा धीर नाही, लगेच तासाला शेकड्याने हवीत.

.३८ स्पेशलची पुंगळी मुळात काळ्या दारूच्या जमान्यात आखलेली. आजची जलद जळणारी दारू तिच्या तळाशी चिमूटभर बसते. दुप्पट पडली तरी वर भरपूर जागा उरते आणि गोळी निमूट बसते. तयार काडतुसं वजन करून चूक शोधू म्हणाल, तर तेही फसवं आहे. वेगवेगळ्या पुंगळ्यांच्या आणि गोळ्यांच्या वजनातच चारपाच ग्रेनचा फरक सहज निघतो, त्यात दारू लपून जाते.

माझी सवय साधी आहे. पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या, सगळ्यांत दारू घालून झाली की टॉर्च मारून एकेकीत डोकावायचं. पातळी वेगळी दिसली की ती रिकामी करायची. त्यानंतरच गोळ्या बसवायच्या. पिस्तुलासाठी शक्यतो फुगीर, निम्म्याहून जास्त पुंगळी भरणारी दारू निवडतो, म्हणजे दुप्पट पडली तर बाहेर सांडते. प्रोग्रेसिव्ह अडकला तर प्लेटवरच्या सगळ्या पुंगळ्या काढायच्या आणि पहिल्यापासून सुरू करायचं. ‘कुठपर्यंत आलो होतो’ हे आठवत बसायचं नाही. फोन दुसऱ्या खोलीत.

बाकीच्या, थोडक्यात

दोन दारूंचे डबे एकाच वेळी टेबलावर ठेवू नका. नावं फसवी असतात: एच ४३५० आणि आयएमआर ४३५० या दोन वेगळ्या दारू आहेत, एकीचा आकडा दुसरीला लावायचा नाही. आकडे उत्पादकाच्या छापील पुस्तकातून घ्या, कुणा ओळखीच्या ‘जबरदस्त लोड’वरून नाही. सुरुवात कमाल आकड्याच्या दहा टक्के खालून.

डिजिटल काटा पंख्याखाली ठेवून आकडा नाचतो म्हणून काट्याला शिव्या देऊ नका. पंखा बंद करा, आणि दर वेळी प्रमाणित वजन ठेवून तपासा.

रायफलच्या पुंगळीला वंगण न लावता डायमध्ये घातलीत तर ती तिथेच राहते. कारबाइड डायला वंगण लागत नाही हे खरं, पण ते सरळ पिस्तूल-पुंगळ्यांपुरतं.

गोळी जरा जास्त खोल बसली तर काय होतं, असं विचारतात. ९ मिमीसारख्या छोट्या पुंगळीत आतली जागा घटते आणि दाब धोकादायक वाढतो. हे होतं. कॅलिपर शोभेसाठी घेतलेला नसतो.

प्राइमर दोन जातींचे असतात, बॉक्सर आणि बर्डन. रेंजवर वेचलेल्या पुंगळ्यांत बर्डन प्राइमरच्या निघाल्या की जुना प्राइमर ढकलून काढणारी डायची पिन मोडते. आत उजेडात पाहा: एक मोठं भोक म्हणजे बॉक्सर, दोन बारीक म्हणजे बर्डन. गंमत म्हणजे बर्डन अमेरिकन होता आणि बॉक्सर इंग्रज, पण अमेरिकेत चालतो बॉक्सर.

पुंगळी अमर नसते. रायफल-पुंगळीच्या बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसलं की ती तिथून तुटायच्या बेतात आहे. शंका असेल तर पेपर-क्लिपचं टोक वाकवून आतून फिरवा, खाच लागली तर फेकून द्या. प्राइमर अंगठ्याच्या जोरानेच बसायला लागला तरी फेका. ‘अजून एकदा चालेल’ म्हणणारे लोक मला शेजारच्या जागेवर नकोत.

प्राइमर मूळ खोक्यातच ठेवा. बरणीत सुटे ओतून ठेवणं हा वेडेपणा आहे, एक उडाला की सगळे उडतात. टम्बलरची धूळ घरात उडवू नका, तिच्यात प्राइमरमधलं शिसं असतं. काम झालं की हात साबणाने धुवायचे, मगच जेवायला बसायचं.

आणि डब्यावर लेबल: तारीख, दारू, ग्रेन, गोळी. लेबल नसलेला डबा सापडला तर त्यातलं एकही काडतूस झाडून बघू नका. पुलर घेऊन सगळी उघडा, गोळ्या आणि पुंगळ्या ठेवा, दारू टाकून द्या.