लग्नाचा शालू घेताना
इंदूरच्या शीतलामाता बाजारात किंवा राजवाड्याजवळच्या बुटिकमध्ये लग्नाचा शालू घेताना तो दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली पसंत करू नये. दारापाशी उजेडात नेऊन पदर उलटा करून पाहावा, कारण मागे जरीचे सुटे धागे लोंबत असतील, तर ते बांगड्यांत आणि जोडव्यांत हमखास अडकतात. नऊवारी असेल, तर लांबी सुमारे ८.२ मीटर भरते का, हे समोरच मोजून घ्यावे. ब्लाउज शिवायला टाकताना दोन्ही बाजूंना किमान इंचभर माया, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचे कापड, ठेवायला आवर्जून सांगावे. माझ्या बहिणीच्या ब्लाउजला ती नव्हती आणि हळदीच्या सकाळी तो उसवून सैल करताच येईना. पावतीवर शिलाई, फॉल-पिको आणि कपडे मिळण्याची तारीख लिहून घ्यावी.