एअरसॉफ्ट पहिल्यांदा खेळताय? बंदुकीआधी गॉगल बघा, आणि या चुका टाळा

गेल्या जूनमध्ये कर्जतजवळच्या एका फार्महाऊसवर आम्ही दहा-बारा जण एअरसॉफ्ट खेळत होतो, म्हणजे प्लॅस्टिकचे छर्रे मारणाऱ्या नकली बंदुकांनी एकमेकांना टिपायचा खेळ. पाऊस नुकताच उघडला होता, शर्ट अंगाला चिकटत होता. माझ्या भाच्याचा हा पहिलाच खेळ. आंब्याच्या बुंध्याआड बसला होता, गॉगलवर वाफ धरलेली, समोरचं काही दिसेना. त्याने गॉगल कपाळावर सरकवला आणि टी-शर्टाच्या टोकाने काच पुसायला लागला. तेवढ्यात छर्रा भुवईत बसला. रक्ताचा एक थेंब आणि वाटाण्याएवढं टेंगूळ. डोळा बोटभर खाली होता.

म्हणून नव्या माणसाला मी पहिली गोष्ट सांगतो ती हीच: मैदानावर असताना गॉगल काढायचा नाही. दिसत नसेल तर हात वर करा, 'आऊट' म्हणा आणि सुरक्षित जागेत जाऊन पुसा. खेळ गेला तर जाऊ दे.

पण मुंबईच्या हवेत वाफ धरणारच, तेव्हा तयारी आधी हवी. एका काचेच्या स्वस्त गॉगलपेक्षा दुहेरी काचेचा घ्या. साध्या काचेला आतून भांड्याच्या साबणाचा थेंब चोळून कोरड्या फडक्याने पुसला, तर बराच वेळ तग धरतो. जाळीच्या गॉगलवर वाफ धरत नाही, पण छर्रा फुटला तर त्याचे तुकडे जाळीतून आत येतात, म्हणून डोळ्यांसाठी मी तो कोणालाच सुचवत नाही. गॉगलवर EN१६६ किंवा ANSI Z८७.१ हे मानक छापलंय का, ते बघा. बाइकचा किंवा उन्हाचा चष्मा अजिबात चालणार नाही.

आता छर्ऱ्याबद्दल. हा खेळ १९७० च्या दशकात जपानमध्ये सुरू झाला आणि त्याचा प्लॅस्टिकचा छर्रा ६ मिमीचा असतो. ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटला, की त्याची ऊर्जा बरोबर १ जूल होते. जवळून लागला तर कातडीवर लाल वळ उठतो. नवखे दोन चुका करतात: जमिनीवरचे छर्रे उचलून पुन्हा भरतात, आणि मिळेल त्या वजनाचे घेतात. मातीचा कण नळीत गेला की छर्रा अडकतो, आतलं रबर फाटतं. पैसे वाचतात दहा, जातात हजार.

छर्रा सरळ जात नाही, ही तक्रार तर दर वेळी येते. बंदुकीत हॉप-अप नावाचं छोटं रबर असतं. ते छर्ऱ्याला मागच्या बाजूने फिरकी देतं, त्यामुळे तो हवेत तरंगत लांब जातो. शेवटी छर्रा वर उचलला जात असेल तर हॉप-अप कमी करा, लवकर खाली पडत असेल तर वाढवा. एकेक खाच फिरवून दोन-तीन छर्रे मारून बघा. प्रत्येक छर्रा वेगळीकडेच जात असेल तर रबराला तेल लागलंय किंवा नळी घाण आहे. कापडाने नळी साफ करा, गंज काढायचा स्प्रे आत मारू नका.

मॅगझिन, म्हणजे छर्रे भरायची पेटी, काढलं म्हणजे बंदूक रिकामी झाली, हा समजही सोडा. एक छर्रा आत राहतो. सुरक्षित दिशेला एक-दोनदा मारूनच पिशवीत घाला.

पिशवी बंद हवी, हेही महत्त्वाचं. लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या आवारात बाहेर काढलेली नकली बंदूक लोकांना खरीच दिसते आणि पोलिसांनाही. 'एअरगनला परवाना लागत नाही' असं दुकानदार सांगतो, ती सवलत शस्त्र नियम २०१६ मधल्या २० जूल ऊर्जा आणि ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिमी, नळीचा व्यास या मर्यादांशी बांधलेली आहे. आपला छर्रा ६ मिमीचा. तेव्हा ऑनलाइन मागवण्याआधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या, आणि पहिले काही खेळ भाड्याच्या बंदुकीवर खेळा.

छर्रा लागला की आपणच 'हिट' ओरडायचं. यात पेंटबॉलसारखा रंग लागत नाही, पुरावा उरत नाही. भाच्याला तो छर्रा लागला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, तरी त्याने आधी हात वर केला आणि मगच भुवई धरली.