व्यावसायिक वेब प्रणालीसाठी सर्व्हर फ्रेमवर्क कसे निवडावे

व्यवसायाची वेब प्रणाली उभी करायची ठरली की बैठकीच्या पहिल्या दहा मिनिटांतच जँगो (पायथन), लारावेल (पीएचपी), स्प्रिंग बूट (जावा) ही सर्व्हर फ्रेमवर्कची, म्हणजे सर्व्हरवरचा प्रोग्राम ज्यांवर उभारतात त्या तयार चौकटींची, नावे पुढे येतात आणि ज्याला जे येते त्याची तो बाजू घेऊ लागतो. माझा आग्रह असा की ही नावे निदान आठवडाभर बाजूला ठेवावीत. त्या आठवड्यात, ज्यांच्यासाठी प्रणाली करायची त्यांच्या कचेरीत जाऊन बसावे, त्यांची रजिस्टरे आणि पावतीपुस्तके चाळावीत, आणि त्यांच्या कामातला सगळ्यांत अवघड असा एकच व्यवहार हुडकून काढावा. नाव-पत्ता भरून घेणाऱ्या आणि याद्या दाखवणाऱ्या स्क्रीन कोणत्याही फ्रेमवर्कमध्ये सहज होतात. फरक दिसतो तो त्या अवघड व्यवहारात.

नागरी सहकारी पतसंस्थेचे उदाहरण घेऊ. चार शाखा आहेत, तीस-चाळीस कर्मचारी आहेत, संध्याकाळी पिग्मी एजंटांचा भरणा येतो. इथला अवघड व्यवहार म्हणजे कर्जाचा हप्ता. सभासद खिडकीवर ५,००० रुपये भरतो. त्यातून आधी दंडव्याज, मग थकलेले व्याज आणि उरलेली रक्कम मुद्दलात वळती करायची. त्याच वेळी दुसऱ्या शाखेत त्याचा जामीनदार त्याच खात्यावर पैसे भरत असू शकतो. रोजकीर्दीला जमा आणि नावे या दोन्ही बाजू एकाच दमात बसल्या पाहिजेत, पावती मराठीत निघाली पाहिजे, आणि लिहिण्यात चूक झाली तर नोंद खोडून न टाकता उलट नोंद करून ती दुरुस्त झाली पाहिजे. फ्रेमवर्कला विचारायचे बहुतेक प्रश्न या एका हप्त्यात सापडतात.

पैशापर्यंतचा हिशेब

अपूर्णांक साठवण्याच्या संगणकाच्या नेहमीच्या फ्लोट प्रकारात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते, कारण हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमके मावत नाहीत. माझ्या सुरुवातीच्या एका कामात रकमा अशा फ्लोटमध्ये साठवल्या होत्या. महिनाअखेरीस तेरीज सात पैशांनी जुळेना, आणि तो फरक शोधण्यात तीन रात्री गेल्या. तोवर लेखापालांनी एकही अहवाल स्वीकारला नाही, आणि त्यांचे बरोबर होते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा की रक्कम डेटाबेसच्या दशांश रकान्यातून निघून प्रोग्राममध्ये येईपर्यंत आणि परत जाईपर्यंत दशांशच राहते का. जावा, पायथन, रुबी आणि सी शार्प यांच्याकडे यासाठी स्वतःचा दशांश प्रकार आहे, आणि त्यांच्या फ्रेमवर्कना तो समजतो. पीएचपीमध्ये बीसीमॅथ या एक्स्टेन्शनचा आधार घ्यावा लागतो. जावास्क्रिप्टमध्ये भाषेतच दशांश प्रकार नसल्यामुळे एक तर वेगळी लायब्ररी आणावी लागते किंवा सगळ्या रकमा पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवाव्या लागतात.

याच्याच पोटात पूर्णांकनाचा प्रश्न आहे. पायथनचा दशांश प्रकार आणि सी शार्पचे पूर्णांकन, काही सांगितले नाही तर, बरोबर अर्ध्यावरची संख्या जवळच्या सम अंकाकडे नेतात, म्हणजे १२.५० चे १२ होतात आणि १३.५० चे १४. संस्थेचा नियम मात्र पन्नास पैसे आणि त्यावरचे पुढच्या रुपयात धरण्याचा असू शकतो. कोणती पद्धत चालते हे संस्थेच्या लेखापालांकडून लिहून घ्यावे आणि प्रणालीत एकाच ठिकाणी बसवावे.

एकाच खात्यावर दोन खिडक्या

समजा, कर्जाची बाकी ४२,००० आहे आणि व्याज चुकते झालेले आहे. पहिल्या खिडकीने बाकी वाचली, दुसऱ्या खिडकीनेही त्याच क्षणी वाचली. दोघांनाही ४२,००० दिसले. पहिलीने ५,००० वजा करून ३७,००० लिहिले, दुसरीने ३,००० वजा करून ३९,००० लिहिले. शेवटचे लिखाण टिकले, म्हणजे खरी बाकी ३४,००० असताना खात्यावर ३९,००० उरले. सभासदाच्या हातात ५,००० ची पावती आहे आणि खात्यात ते पैसे कुठेच नाहीत. पतसंस्थेची अब्रू अशाच एखाद्या पावतीवर जाते, म्हणून या मुद्द्यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवतो.

यावर दोन उपाय आहेत. बाकी वाचतानाच डेटाबेसमधली ती ओळ कुलूपबंद करणे हा एक. जँगोमध्ये त्यासाठी ‘सिलेक्ट फॉर अपडेट’, रेल्स या रुबीच्या फ्रेमवर्कमध्ये ‘विथ लॉक’ आणि लारावेलमध्ये ‘लॉक फॉर अपडेट’ आहे. दुसरा उपाय ओळीवर आवृत्ती-क्रमांक ठेवण्याचा आहे. मधल्या काळात दुसऱ्या कोणी ती ओळ बदलली असेल तर आपले लिखाण नाकारले जाते आणि कारकुनाला पुन्हा प्रयत्न करायला सांगावे लागते. जेपीए या जावाच्या डेटाबेस-मानकात, रेल्समध्ये आणि एंटिटी फ्रेमवर्क कोअर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस-लायब्ररीत ही सोय आहे, पण एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये ओळ कुलूपबंद करायची झाल्यास ती क्वेरी (डेटाबेसला द्यायची आज्ञा) हाताने लिहावी लागते.

सोय आहे एवढ्यावर मात्र समाधान मानू नये, कारण प्रत्येक फ्रेमवर्कची मूळ वागणूक वेगळी असते आणि ती माहीत नसली तर घात होतो. जँगो मुळात प्रत्येक क्वेरी सुटी कायम करतो, त्यामुळे जमा आणि नावे या दोन नोंदींना एका व्यवहारात बांधायचे काम तुम्हाला स्वतः ‘अ‍ॅटॉमिक’ लिहून करावे लागते. स्प्रिंग बूट ज्यावर उभे आहे त्या स्प्रिंगमध्ये ‘ट्रान्झॅक्शनल’ अशी खूण केली की काम झाले असे वाटते. पण तपासलेल्या प्रकारचा अपवाद (चेक्ड एक्सेप्शन, म्हणजे जावात आधीच जाहीर करावी लागणारी चूक) उद्भवला तर स्प्रिंग मुळात व्यवहार मागे घेत नाही, आणि एकाच क्लासमधल्या एका मेथडने दुसरीला थेट बोलावले तर ती खूण लागूच पडत नाही. चाचणी घेताना जमा नोंद झाल्यावर आणि नावे नोंद होण्याआधी मुद्दाम चूक घडवून आणावी, आणि रोजकीर्दीत अर्धी नोंद उरते का ते पाहावे.

मागोवा आणि मराठी पावती

कंपनी कायद्याखालील नियमांनुसार १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा बंद न करता येणारा मागोवा असणे बंधनकारक आहे. पतसंस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली येतात, तरी हीच शिस्त पहिल्या दिवसापासून पाळावी असे मला ठामपणे वाटते. जावामध्ये हायबरनेट एन्व्हर्स, जँगोसाठी सिंपल हिस्टरी, रेल्ससाठी पेपरट्रेल अशी साधने आहेत. त्यांच्यात एक फट असते : जँगोचे सामूहिक ‘अपडेट’ किंवा रेल्सचे ‘अपडेट ऑल’ वापरले की एकेका नोंदीच्या जतनाची प्रक्रिया टळते आणि मागोवा लिहिलाच जात नाही. ३१ मार्चला हजारो बचत खात्यांवर व्याज जमा करताना वेग मिळावा म्हणून नेमके हेच वापरण्याचा मोह होतो, तेव्हा चाचणीत सामूहिक व्याजजमाही घालावी.

ते व्याजाचे काम ब्राउझरच्या एका क्लिकवर, पान उघडे ठेवून करण्यासारखे नसते. पान बंद केले तरी मागे कामे उरकत राहणारी रांग हवी, आणि वीज गेली तर एकाही खात्यावर दोनदा व्याज न पडता काम उरलेल्या ठिकाणापासून पुढे सुरू झाले पाहिजे. स्प्रिंग बॅच कामाची प्रगती डेटाबेसमध्ये लिहून ठेवते आणि या बाबतीत ते फार भरवशाचे आहे. लारावेलमध्ये रांग आयती आहे, रेल्सच्या आठव्या आवृत्तीपासून ‘सॉलिड क्यू’ सोबत येते, तर जँगोच्या बहुतेक प्रकल्पांत सेलेरी ही रांगेची लायब्ररी वेगळी जोडलेली दिसते; या तिघांत दुबार व्याज टाळण्याचा बंदोबस्त आपणच लिहायचा असतो.

पावतीचा प्रश्न फ्रेमवर्कच्या परदेशी तुलनांमध्ये कधीच येत नाही, पण आपल्याकडे तो पहिल्याच महिन्यात उभा राहतो. पीडीएफ बनवणाऱ्या अनेक साध्या लायब्ररी देवनागरी अक्षरे एकामागे एक नुसती मांडतात. मग ‘कुऱ्हाडे’मधला अर्धा र सुटतो, ‘चिंचणीकर’मधली पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. ‘कुऱ्हाडे’, ‘श्रीकृष्ण’, ‘लक्ष्मीबाई’, ‘चिंचणीकर’ अशी नावे घालून पावती छापून पाहावी. मला सर्वांत खात्रीचा वाटलेला मार्ग म्हणजे फ्रेमवर्कच्या टेम्पलेटमधून साधे वेबपान बनवायचे आणि सर्व्हरवर चालणाऱ्या क्रोमियम या ब्राउझरकडून त्याची पीडीएफ करून घ्यायची. रकमेची मांडणीही त्याच वेळी तपासावी. १२,३४,५६७ असे लाख-कोटींचे स्वल्पविराम जँगोच्या सेटिंगमध्ये सांगता येतात. जावाच्या मूळ डेसिमलफॉरमॅटला तीन आणि दोन अशी मिश्र विभागणी जमत नाही, त्यासाठी आयसीयू ही लायब्ररी आणावी लागते.

आयते किती घ्यायचे

एक्स्प्रेससारखे जावास्क्रिप्टचे छोटे फ्रेमवर्क तुम्हाला विनंती आणि उत्तर यांच्यापुरती चौकट देते. लॉगिन, सेशन, परवानग्या, मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलण्याची सोय) हे सगळे वेगवेगळ्या पॅकेजांतून गोळा करावे लागते. दहा पॅकेजे म्हणजे दहा वेगळे सांभाळणारे, आणि त्यांतल्या एकाने काम सोडले की तो भार तुमच्यावर येतो. व्यवसायाच्या प्रणालीसाठी मी भरलेल्या घराकडे, म्हणजे हे सगळे आयते देणाऱ्या फ्रेमवर्ककडे झुकतो. जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला आणि २००५ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. घाईच्या कामात संपादकांना स्वतः मजकूर भरता यावा या गरजेतून आलेले त्याचे ॲडमिन, म्हणजे माहिती भरण्याच्या आयत्या स्क्रीन, आजही शाखांची यादी, व्याजदर, कर्जप्रकार असल्या मूळ माहितीसाठी उत्तम आहे. रोखपालाची खिडकी मात्र त्या ॲडमिनवर चालवू नये, आणि कर्मचाऱ्याला फक्त आपल्याच शाखेची खाती दिसावीत असा नियम तिथे तुम्हाला स्वतः लिहावा लागतो.

मुंबईच्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीजचे फ्रॅपे फ्रेमवर्क या यादीत जरूर असावे. ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय सांभाळण्याचे सॉफ्टवेअर त्यावरच उभे आहे. पायथन आणि मारियाडीबी या डेटाबेसवर चालणाऱ्या या फ्रेमवर्कमध्ये दस्तऐवजाची व्याख्या केली की फॉर्म, परवानग्या आणि छपाईचा नमुना त्यातून तयार होतात. मला त्यात विशेष मोलाची वाटते ती दस्तऐवजाची अवस्था : मसुदा, दाखल आणि रद्द. दाखल झालेले व्हाउचर सहजी बदलता येत नाही, ते रद्द करून सुधारित प्रत काढावी लागते. आपल्या लेखापालांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय हीच आहे. किंमत एवढीच की तुम्हाला फ्रॅपेच्याच रीतीने चालावे लागते, आणि त्या रीतीत न बसणारी स्क्रीन करताना दुप्पट श्रम पडतात.

आयुष्य आणि माणसे

पतसंस्थेची प्रणाली दहा वर्षे चालते, फ्रेमवर्कची एक आवृत्ती तेवढी टिकत नाही. जँगो दर दोन वर्षांनी एक दीर्घकालीन आवृत्ती काढतो. एप्रिल २०२५ च्या ५.२ ला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटच्या सम क्रमांकाच्या आवृत्त्यांना तीन वर्षे मिळतात. लारावेलची मोठी आवृत्ती दरवर्षी येते आणि तिला दोन वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या असतात, म्हणजे अद्ययावतीकरणाचा खर्च करारात आधीच धरावा लागतो. कधी उडी मोठी असते : नोव्हेंबर २०२२ मधल्या स्प्रिंग बूट ३ ने किमान जावा १७ मागितले आणि ‘जावाएक्स’ने सुरू होणारी अनेक पॅकेज-नावे ‘जकार्ता’ने सुरू होऊ लागली, तर वेब फॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या पद्धतीवर लिहिलेल्या प्रणालींना २०१६ च्या एएसपी डॉटनेट कोअरमध्ये जागाच मिळाली नाही.

दुरुस्ती उपलब्ध असणे आणि ती बसवणे यांतले अंतर किती महाग पडते हे इक्विफॅक्स या लोकांच्या पतीची माहिती ठेवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या प्रकरणात दिसले. स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कमधल्या त्रुटीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये आलेली होती. ती न बसवलेल्या सर्व्हरमधून मे ते जुलै या काळात सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. म्हणून तुमच्या चमूत दुरुस्त्या कोण बसवणार त्या माणसाचे नाव, फ्रेमवर्क ठरण्याआधी, ठरलेले असावे.

माणसांचाही विचार तितक्याच स्पष्टपणे करावा. रेल्स हे अतिशय विचारपूर्वक घडवलेले फ्रेमवर्क आहे आणि ते मला मनापासून आवडते, पण सांगली किंवा सोलापूरला दोन वर्षांनी रुबी येणारा माणूस शोधणे कठीण जाते, पीएचपी किंवा जावा येणारा लवकर मिळतो, हा माझा अनुभव आहे. वेगाच्या तुलनांना इथे फार महत्त्व देऊ नये; चाळीस वापरकर्त्यांच्या प्रणालीत वेळ खातो तो डेटाबेस. ५०० कर्जांच्या यादीत प्रत्येक ओळीसाठी सभासद आणि शाखा वेगळी विचारली गेली तर एका पानासाठी १,००१ क्वेरी जातात, आणि तेच जँगोमध्ये ‘सिलेक्ट रिलेटेड’ लिहिले की एका क्वेरीत भागते.

दोन फ्रेमवर्क, एक आठवडा

आता नावे टेबलावर घ्यावीत, पण दोनच. प्रत्येकाला तीन दिवस द्यावेत, आणि तेवढ्यात फक्त हप्त्याचा व्यवहार पूर्ण करावा : दंडव्याज-व्याज-मुद्दल अशी विभागणी, दोन खिडक्यांची टक्कर, मुद्दाम घडवलेली चूक, उलट नोंद, सामूहिक व्याज आणि मराठी पावती. नावे बदललेली वीस-एक हजार खाती त्यात भरावीत, रिकाम्या डेटाबेसवर कशाचीच पारख होत नाही. सातव्या दिवशी दोन्ही कोड अशा सहकाऱ्याच्या हाती द्यावेत ज्याने ते लिहिलेले नाहीत, आणि त्याला एकच बदल सांगावा : हप्त्यातून आधी व्याज वळते करायचे आणि दंडव्याज त्यानंतर. कोणत्या कोडमध्ये त्याला ती जागा कोणालाही न विचारता सापडली आणि बदलानंतर चाचण्या पुन्हा हिरव्या (यशस्वी) व्हायला किती वेळ लागला, हे घड्याळ लावून लिहून ठेवावे आणि निर्णयाच्या बैठकीत तो कागद सर्वांत आधी वाचावा.